दंड भरला म्हणून लायसन वाचत नाही

राजेहो, कापूस वेचणी सुरू झाली की फाट्याफाट्यावर छोटा हत्ती दिसतो. मागच्या डाल्यात दाटीवाटीनं उभ्या बाया, डबे, पाण्याच्या कॅना. पकडलं की मालक दंड भरतो अन् विषय मिटला म्हणतो. त्याचा मिटतो, ड्रायव्हरचा नाही. मालवाहू गाडीत माणसं नेणं केंद्रीय मोटार वाहन नियम 21 च्या यादीत आहे, आणि त्या यादीतल्या कृत्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 खाली चालकाचं लायसन निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. ओव्हरलोड, अतिवेग, दारू हेही त्याच यादीत.

हेल्मेट नसणं आणि ट्रिपल सीट यात 2019 च्या दुरुस्तीपासून दंडासोबत तीन महिन्यांची अपात्रता कायद्यातच आहे. अतिवेग, बेदरकारपणा, दारू किंवा या दोन गुन्ह्यांत पोलिसांनी लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवलं, तर पहिल्या वेळी तीन महिने निलंबन, पुन्हा सापडलात तर रद्द. दारूची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. "दोनच पेग" हा हिशोब मशीनला कळत नाही.

जप्ती झाली की पोच मागून घ्या. पण वरच्या गुन्ह्यांत लायसन आरटीओकडे गेलं असेल तर ते परत मिळेपर्यंत त्या पोचवर गाडी चालवता येत नाही. त्यानंतर नोटीस येते, आणि खरा घोळ इथंच होतो. लायसनवर जुना पत्ता, त्यामुळे नोटीस परत जाते. आपली बाजू मांडायची संधी अशी हातची निघून जाते. म्हणून आधी पत्ता आणि मोबाईल नंबर बदलून घ्या. नोटीस आली तर लेखी उत्तर द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. चलानच्या फोटोतला गाडी नंबर तपासा. गाडी विकली पण आरसीवर नाव तुमचंच, तर चलान तुमच्याच नावावर येणार; विक्रीचे कागद जोडा. गाडी दुसऱ्यानं चालवली असेल तर त्याचं नाव-पत्ता द्या, विचारल्यावर ते देणं मालकावर बंधनकारकच आहे. कलम 19 च्या आदेशात कारणं लेखी असावी लागतात. पटलं नाही तर 30 दिवसांत अपील.

निलंबनाच्या काळात "गावातल्या गावात" म्हणूनही गाडी काढू नका. 10,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला कायदेशीर कारण मिळतं. समोरच्याला तिनं भरपाई दिलीच, तरी वसुली मालकाकडून होऊ शकते. त्यात दोन एकर जातात, बाप्पा. मुदत संपली तरी रिफ्रेशर प्रशिक्षण झाल्याशिवाय लायसन परत मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या. लायसनची सध्याची स्थिती परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर दिसते.

शिक्षा कडक आहे, पण दारू पिऊन चालवणाऱ्याबद्दल माझ्या मनात कणव नाही. बायांना डाल्यात कोंबणाऱ्याबद्दलही नाही. मात्र तिथं ट्रिप ठरवणाऱ्या मालकालाही धरायला हवं. तक्रार आहे ती सुनावणीच्या जागेची. सिरोंच्याहून गडचिरोलीचं आरटीओ ऑफिस सुमारे 200 किलोमीटर. लायसन जप्त झालेल्यानं एसटी धरून तिथं जायचं, मजुरी बुडवायची, अन् पुढची तारीख घेऊन परत यायचं? लायसनसाठी तालुक्याला आरटीओचे कॅम्प लागतात, त्याच दिवशी त्याच टेबलावर या सुनावण्या घ्या.