छेद कुठे आहे?

कोरोनाची आठवण निघाली की एक मजकूर हमखास फिरतो. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो या आठवड्यात पुन्हा आला. थोडक्यात असा: नव्व्याण्णव टक्के लोक बरे झाले, म्हणजे तो साधा तापच, मृत्यूंचे आकडे फुगवले, चाचण्या वाढवल्या म्हणून रुग्ण वाढले, मेलेल्यांत निम्मे लस घेतलेले होते, आणि धारावीत साथ आपोआप ओसरली, मग टाळेबंदी कशाला? पाठवणारी माणसं जवळची आहेत, म्हणूनच गप्प बसवत नाही. शाळेत अपूर्णांक शिकलो तेव्हा वर अंश आणि खाली छेद असायचा. या मजकुरात अंश तेवढे ठेवलेत, छेद पुसून टाकलेत.

"नव्व्याण्णव टक्के बरे झाले." हिशेब जवळपास बरोबर आहे. भारतात नोंदलेले रुग्ण साडेचार कोटी, नोंदलेले मृत्यू ५ लाख ३० हजारांवर. पण उरलेला एक टक्का कशाचा? जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या चौथ्या सिरो (रक्ततपासणी) सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी अँटिबॉडीज, सापडली. काहींची लसीमुळे, बहुतेकांची संसर्गामुळे. म्हणजे तोवर विषाणू ऐंशी कोटींच्या आसपास लोकांपर्यंत पोहोचला होता. त्यांतले हजारी तीन गेले असं नुसतं धरून पाहा, २४ लाख होतात. "साधा ताप" दोन वर्षांत एवढी माणसं नेत नाही.

शिवाय ही सरासरी आहे, आणि या आजारात सरासरी फार फसवते. लस येण्याआधीच्या, मुख्यतः श्रीमंत देशांतल्या अभ्यासांनुसार संसर्ग झालेल्या दहा वर्षांच्या मुलाला मृत्यूचा धोका लाखात दोनच्या आसपास, पंचावन्नच्या माणसाला हजारात चार, पंचाहत्तरीला शंभरात चार-पाच. एकाच घरात नातवाला आणि आजीला वेगवेगळा आजार झाल्यासारखं ते होतं. आणि "बरे झाले" ही गोष्ट आपोआप घडत नाही. ६ मे २०२१ ला एका दिवसात देशात ४ लाख १४ हजार रुग्ण नोंदले गेले. त्या आठवड्यांत ऑक्सिजनची खाट मिळाली की नाही, यावर कितीतरी जणांचं बरं होणं ठरलं.

"मृत्यूंचे आकडे फुगवले." मला सर्वांत जास्त लागतं ते हे वाक्य, कारण घडलं ते उलट. महाराष्ट्राने १६ जून २०२० रोजी आधीच्या नोंदी जुळवल्या तेव्हा १,३२८ मृत्यू एकदम वाढले, त्यांतले ८६२ मुंबईचे. बिहारमध्ये उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर फेरतपासणी झाली आणि जून २०२१ मध्ये साडेपाच हजारांच्या आतबाहेरचा आकडा ९,४२९ झाला. मोजणी चुकत होती, पण ती कमी होण्याच्या बाजूने.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतात २०२०-२१ मध्ये नेहमीपेक्षा ४७ लाख जास्त मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. केंद्र सरकारने तो नाकारला. तो वाद बाजूला ठेवू. सरकारचीच जन्म-मृत्यू नोंदणी घ्या: २०१९ मध्ये नोंदले गेलेले मृत्यू ७६ लाख, २०२० मध्ये ८१ लाख, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची उडी, आणि त्या वर्षी कोरोनाच्या नावावर लागले सुमारे ३ लाख ३० हजार. वाढ सगळीच कोरोनाची नव्हे. नोंदणी सुधारली, इतर आजारांवर उपचार न मिळूनही लोक गेले. काही जण दुसऱ्याच आजाराने गेले आणि चाचणी तेवढी पॉझिटिव्ह होती, हेही खरं, विशेषतः ओमायक्रॉनच्या वेळी. पण या तीन आकड्यांपुढे उभं राहून "फुगवले" म्हणायला कुणाची जीभ कशी वळते?

"चाचण्या वाढवल्या म्हणून रुग्ण वाढले." नुसत्या चाचण्या वाढल्या असत्या तर शंभर चाचण्यांमागे सापडणारे रुग्ण कमी झाले असते. लाटेत ते प्रमाणही चढतं. म्हणून जून २०२१ मध्ये महाराष्ट्राने निर्बंधांचे पाच स्तर ठरवले तेव्हा रुग्णसंख्या नव्हे, तर पॉझिटिव्हिटी दर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा पाहिल्या.

"मेलेल्यांत निम्मे लस घेतलेले." एक गाव धरा, साठीपुढची हजार माणसं. नऊशेंनी लस घेतली, शंभरांनी नाही. साथीत दोन्हीकडची नऊ-नऊ गेली. मृतांत निम्मे लसवाले, बरोबर. पण नऊशेंतले नऊ म्हणजे एक टक्का आणि शंभरांतले नऊ म्हणजे नऊ टक्के. सगळ्याच गावाने लस घेतली तर मृतांत शंभर टक्के लसवालेच असतील. ही समज काही नवी नाही. १८९७ च्या जानेवारीत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस केली, आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळा तुरुंगातल्या तयार असलेल्या कैद्यांना. टोचलेल्यांत किती दगावले आणि न टोचलेल्यांत किती, हे वेगळं मोजलं, म्हणून तर लसीचा गुण कळला.

"धारावीत आपोआप ओसरली." या दाव्याला जुलै २०२० च्या मुंबईतल्या सर्वेक्षणाचा आधार दिला जातो: झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं, इतरत्र १६ टक्के. ते सर्वेक्षण माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या विभागांत झालं होतं. धारावी ज्या जी-उत्तर विभागात येते, तो त्यात नव्हताच. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ लाखांवर माणसं, सार्वजनिक संडास, एका खोलीत आठ-दहा जण. तिथे "घरीच अंतर ठेवा" हे सांगण्यातही अर्थ नव्हता. तेव्हा पालिकेचे कर्मचारी आणि धारावीतलेच खासगी डॉक्टर दारोदार फिरले, ताप आणि ऑक्सिजन तपासला, शाळा आणि सभागृहांत विलगीकरणाची सोय झाली, संडास पुन्हा पुन्हा धुतले गेले. हे "आपोआप" म्हणणं त्या माणसांच्या कष्टांवर पाणी ओतणं आहे.

टाळेबंदीवर मात्र वाद घाला, जरूर घाला. चार तासांच्या सूचनेवर सगळा देश बंद झाला आणि हातावर पोट असलेले रस्त्यावर आले. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपले होते. मालगाडीखाली सोळा जण गेले. कोरोनाच्या कुठल्याही तक्त्यात त्यांची नोंद नाही. टाळेबंदीचा हिशेब मांडायचा असेल तर या सोळांपासून मांडू, मी तुमच्यासोबत बसतो.