जलपरी भिंतीवर, ओल भिंतीत
दिवाणखान्यात जलपरी आणि पाण्याखालची नगरी यांचे मोठे चित्र लावावे, ही घरसजावटीवरील लेखातील सूचना आवडली. मात्र ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या वस्तीत पावसाळ्यात बाहेरच्या बाजूची भिंत ओल धरते आणि तिला चिकटून टांगलेल्या कॅनव्हासमागे बुरशी वाढते, याचा उल्लेख हवा होता. आमचे पहिले चित्र दुसऱ्याच पावसाळ्यात खराब झाले. आता आतली भिंत निवडून चौकटीमागे बुचाचे तुकडे लावले आहेत, जेणेकरून हवा खेळती राहील. विषयाचे म्हणाल, तर मला परक्या जलपरीपेक्षा जलदेवता वरुणाचे वाहन असलेला मकर हा मगरीसारखा पौराणिक जलचर जवळचा वाटतो, आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेल्या आपल्या ठाणे खाडीतील रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) त्याच्याभोवती सहज शोभतील.