फागल्याचा कांदा गटारात

गणेश चवथ दोन दिवसांवर आली, त्यामुळे आज सकाळी गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधायच्या चौकटीच्या, सामानाला नुसती झुंबड. एका टोपलीत फागल्याचा, म्हणजे करटोल्याचा, अख्खा वेल होता. फळं लगडलेली, खाली रताळ्याएवढा कांदा, म्हणजे कंद, त्याला ओली तांबडी माती तशीच. घेणाऱ्या गृहस्थांनी पैसे दिले, कांदा मोडला आणि सरळ गटारात भिरकावला. पिशवी घाण होते म्हणे!

अहो, पिशवी धुता येते.

विकणारी बाय सांगत होती, "मुळासयत हाडलां, चार दीस ताजें उरता." (मुळासकट आणलंय, चार दिवस ताजं राहतं.) तिच्यावर राग नाही. गिऱ्हाइकाला टवटवीत हवं असतं आणि या आठ दिवसांच्या विक्रीवर तिचं बरंच काही अवलंबून असतं. राग आपल्यावर आहे. माटोळी म्हणजे आपली परंपरा, आपलं रान, असं वर्षभर सांगत फिरतो, आणि त्या वेलातलं झाड नेमकं कुठलं हेच आपल्याला ठाऊक नाही.

फागल्याचं झाड म्हणजे तो कांदा. वरचा वेल एका पावसाळ्याचा पाहुणा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळून जातो. कांदा मात्र जमिनीत निजून राहतो आणि पुढच्या जूनमध्ये दोन-चार सरी पडल्या की पुन्हा कोंब काढतो. फळं तोडा, वेल कापा, त्याला फारसं काही होत नाही. कांदा उपटलात की त्या जागचं फागलं संपलं.

त्याहून वाईट म्हणजे फागल्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. फळं असलेला वेल मादीच असणार. म्हणजे दरवर्षी डोंगरावरून वेचून वेचून आपण फक्त माद्या उपटतो. मागे नर उरतात, फुलतात आणि वाळतात. मग "हल्ली फागलां मिळत नाहीत हो" म्हणून चढा भाव ऐकायचा आणि हवामानाला बोल लावायचा!

कवंडळ या तांबड्या फळांच्या रानवेलाचंही असंच, तिथेही नर-मादी वेगळे. तेरड्याची गोष्ट निराळी. त्याचं आयुष्य एकाच पावसाळ्याचं, शेंग तडकून बी उडालं तर पुढच्या वर्षी तेरडा. भर फुलात सगळाच उपटला तर बी पडणार कुठून? चारातलं एक झाड सोडा, एवढंच.

आणि त्या माटोळीच्या स्पर्धा. शेकडो जिनसा बांधायच्या, आकडा मोठा तेवढी वाहवा. मान्य, त्यामुळे पोरांना चार रानफळांची नावं तरी कळली. पण यातलं स्वतःच्या परसात किंवा कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, काय लावलंय, हे कोणी विचारत नाही.

हे शिकवायचं कोणी? बागांनी. पणजीच्या बागेला ज्याचं नाव होतं, त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली आपल्या गोव्यातच छापलं गेलं. आणि आज बागेत गेलं की काय दिसतं? क्रोटन, डुरांटाच्या कातरलेल्या कडा, राजपाम. बोंडल्याच्या अभयारण्यात वनस्पती उद्यान आहे, तिथे मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी लोकांना बोलवा आणि कांदे लावायला शिकवा. चवथीला प्रदर्शन मांडून काय उपयोग, तेव्हा लावणीची वेळ निघून गेलेली असते.

शिकवायलाही फार काही नाही. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला हातभर रुंद खड्डा, कुजलेलं शेणखत एक घमेलं, आणि माती जमिनीपासून वीतभर वर येईल असा उंचवटा. उंचवटा विसरायचा नाही. जांभ्यातला खड्डा जुलैत वाटीसारखा भरून राहतो आणि कांदा कुजतो. कांदा चार बोटं खोल, मान वर. दोन वेलांत दोन हात अंतर, वर वेल चढायला माटव, म्हणजे मांडव. आठ-दहा माद्यांमागे एक नर हवाच. फूल संध्याकाळी उमलतं. मादी फुलाच्या खाली बारीक काटेरी गोळी असते. नराला गोळी नसते, देठावर पानासारखी टोपी असते. फळं गळत असतील तर नर फूल तोडून मादीच्या तोंडाला हलकं टेकवायचं. वेल वाळला की पाणी बंद. उन्हाळ्यात मायेने पाणी घालणारेच निजलेला कांदा कुजवतात.

बियांपासूनही होतं, पण कवच कठीण, उगवण रडतखडत आणि नर की मादी ते फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून तर कांद्याचं मोल.

माटोळीतली कळलावी लावणार असाल तर जपून. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा, डोळा अगदी टोकाला. टोक मोडलं की संपलं. कंद जहाल विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका आणि घरात रताळ्यांच्या शेजारी तर ठेवूच नका.

गटारातला तो फागल्याचा कांदा मानेशीच मोडला होता. कोंब मानेतूनच फुटतो. चिखलातून वर काढूनही काही उपयोग नव्हता.

तर ज्यांच्याकडे या चवथीला कांद्यासकट वेल आलाय, त्यांनी मानेच्या वर वीतभर ठेवून वेल कापा आणि लावणीची वेळ नसली तरी कांदा आजच उंचवट्यावर पुरा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर कोरड्या वाळूच्या डब्यात, सावलीत, मेपर्यंत. गणपती पोचवून माटोळी उतरवली की आंबाड्यांचं सासव (मोहरी-खोबऱ्याचं कालवण) होतं, तसंच पिकून फुटलेल्या फागल्यातलं बीही जपून ठेवा. आणि पुढल्या वर्षी बाजारातल्या बायला आधीच सांगून ठेवा, कांदा डोंगरावरच राहू दे, नुसता वेल कापून आण, दहा रुपये जास्त देतो.