शून्य अँपिअरचं उकळतं पाणी

डिसेंबरात धुळ्याला थंडी पडली की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. माय बंबाच्या बाजूची, मी रॉडच्या. यंदा रॉडनंच मला तोंडघशी पाडलं. एक बादली तापायला पंचवीस मिनिटं! माय म्हणाली, रॉड म्हातारा झाला. मी म्हटलं, पुराव्याशिवाय बोलायचं नाही. त्याच्यावर 1500 वॅट लिहिलंय. भागिले 230 व्होल्ट, म्हणजे साडेसहा अँपिअर करंट त्यानं ओढायलाच हवा.

गल्लीतल्या वायरमन आप्पांकडून टाँग टेस्टर मागून आणला. खेकड्याच्या नांगीसारखा असतो. वायरीभोवती नांगी मिटली की करंटचा आकडा दिसतो, वायर कापायची गरज नाही. मी रुबाबात रॉडच्या केबलला नांगी लावली. शून्य. उलटी लावली. शून्य. इस्त्रीच्या केबलला लावली, तिथंही शून्य. इस्त्रीनं बोट भाजलं, पण मीटरच्या मते ती बंदच होती.

“काय करी राह्यना रे?”

“रॉड मेला, माय.”

तिनं वाफाळत्या बादलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बोलली काहीच नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

शेवटी आप्पांनाच बोलावलं. ते हसले, पार चहा थंड होईपर्यंत. केबलच्या पोटात दोन वायरी. एकीतून करंट जातो, दुसरीतून तेवढाच परत येतो. सकाळी जेवढे पाहुणे आले तेवढेच संध्याकाळी गेले, तर घरात मोजायला उरणार कोण? आप्पांनी प्लग काढून एक्स्टेन्शन बोर्डाच्या केबलचं वरचं आवरण चिरलं, आतली फेजची, म्हणजे करंट आणणारी, वायर वेगळी काढली, नांगी तिच्या एकटीभोवती मिटली आणि रॉड चालू केला. 5.6!

“पाहा, कमी ओढतोय!” मी ओरडलो.

आप्पांनी व्होल्टेज मोजलं. 200. म्हणजे रॉड धडधाकट, लाईनच अशक्त. व्होल्टेज पडलं की अँपिअरही पडतात, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, त्यामुळे तिथं मार दुहेरी. 1500 च्या रॉडला जेमतेम 1100 चा खुराक. शिवाय बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार अंगावर चढलेला. तो मीटरला दिसत नाही, खरवडावाच लागतो.

हे सगळं मायला सांगायला धावलो.

“आंगोय कर आधी, दुपार व्हयनी.”

बादली रिकामी. त्या पाण्यात तिनं गोधडी भिजवली होती. पुन्हा पाणी भरून रॉड लावला आणि लाईट गेली. उगाच नांगी लावून पाहिली. शून्य. या खेपेला मात्र बरोबर होतं.