फळमाशीतील जनुके ‘कापली’ जात नाहीत : एक खुलासा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक मराठी मजकूर फिरत आहे. आरएनए हस्तक्षेपाने (जनुकाशी जुळणारा दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत आणून त्या जनुकाचे काम दाबण्याची पद्धत) फळमाशीचे जनुक कायमचे कापले जाते आणि शेजारच्या जनुकाला कधीच धक्का लागत नाही, असे त्यात म्हटले आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत.

या पद्धतीत डीएनए जसाच्या तसा राहतो. पेशीतील डायसर-२ हे विकर दुहेरी धाग्याच्या आरएनएचे सुमारे २१ अक्षरांचे तुकडे करते आणि त्यांतील एक धागा धरून आर्गोनॉट-२ हे प्रथिन जुळणारा संदेशवाहक आरएनए (जनुकाचा निरोप नेणारी प्रत) तोडते. म्हणजे जनुक शाबूत राहते, त्याचा निरोप तेवढा पोहोचत नाही, आणि तोही बहुधा पूर्णपणे थांबत नाही.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते. फळमाशीत काही शेजारी जनुके विरुद्ध धाग्यांवरून समोरासमोर वाचली जातात आणि त्यांची टोके एकमेकांवर येतात. दुहेरी आरएनए बनवण्यासाठी निवडलेला जनुकाचा तुकडा नेमका त्या सामाईक भागातला असेल, तर दोन्ही जनुकांचे संदेश तुटू शकतात आणि दिसलेला परिणाम भलत्याच जनुकाच्या नावावर जमा होतो. म्हणून तुकडा सामाईक भागाबाहेरचा निवडावा आणि दोन्ही संदेशांचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजावे. मात्र एक जनुक दुसऱ्याच्या इंट्रॉनमध्ये (संदेश पक्व होताना कापून टाकल्या जाणाऱ्या भागात) असेल, तर धोका कमी असतो, कारण बाहेरच्या जनुकाच्या पक्व संदेशात तो भाग उरतच नाही.