आहेर आणि हीटर

मराठवाड्यात गाडीच्या हीटरची तक्रार करणाऱ्याला कोणी गांभीर्याने घेत नाही, पण डिसेंबरात परभणीचा पारा एक आकड्यावर उतरतो तेव्हा पहाटे साडेपाचला नांदेडला निघून बघावे. परवा मी निघालो आणि शेजारी सासरेबुवा होते. माझ्या बाजूच्या जाळीतून भट्टीची झळ येत होती, त्यांच्या बाजूने ओल्या रानावरचा वारा. मी घाम पुसत होतो आणि त्यांनी सीटवरचा टॉवेल काढून कानांना गुंडाळला होता.

वसमतजवळ शेकोटीशी बसलेल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून केबिनकडे जाणारे दोन रबरी पाइप मला चाचपायला लावले. एक चटका देणारा, दुसरा जेमतेम कोमट. "कुलंट कमी हाय, आत हवा धरलीय. कॉइलमधी गरम पाणी अर्ध्यातच फिरायलंय." कुलंट म्हणजे इंजिन निववणारे द्रव; इंजिनाची उष्णता घेऊन तेच हीटरच्या कॉइलमध्ये फिरते. आठच दिवसांपूर्वी सर्व्हिसिंगच्या बिलात 'कुलंट' या ओळीचे पैसे मी मुकाट्याने भरले होते, हे इथे नोंदवून ठेवतो. तापल्या इंजिनावर टोपण उघडले तर उकळते कुलंट तोंडावर उडते, म्हणून अर्धा तास थांबणे आले.

तो अर्धा तास घोंगडी पांघरलेल्या एका मामांनी ताब्यात घेतला. ट्रॅक्टरच्या पंक्चरसाठी आलेल्या या गृहस्थांनी वैद्याने नाडी पाहावी तसे डोळे मिटून आधी उजव्या, मग डाव्या जाळीवर हात ठेवला आणि चहाच्या टपरीवरच्या सगळ्यांना हाक मारली, "या रे, हात लावून बघा, हिकडं उन्हाळा अन् तिकडं हिवाळा!" सात-आठ जण रांगेने हात शेकून गेले, एकाने तर दोनदा नंबर लावला. मग मामांनी टॉवेलातल्या सासरेबुवांना न्याहाळले.

"पाव्हणं, जावई का?"

"हो."

"आहेरात काही कमी पडलं होतं का?"

लोक हसले. मी हसलो नाही, आणि सासरेबुवा तर खरोखरच आठवू लागले.

इंजिन निवल्यावर मिस्त्रीने कुलंट भरले, इंजिन चालू ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली आणि जे काम मोठ्या सर्व्हिस सेंटरला जमले नव्हते त्याचे दोनशे रुपये घेतले. दोन्ही जाळ्यांतून सारखी ऊब येऊ लागली तेव्हा बाहेर लख्ख ऊन पडले होते आणि मला हीटर बंदच करावा लागला.

नांदेड दिसू लागेपर्यंत सासरेबुवा गप्प होते. मग टॉवेलाची नीट घडी घालत म्हणाले,

"जावईबापू, अंगठी अर्ध्या तोळ्याचीच झाली होती, हे खरं आहे."