जाळी उघडी पडली म्हणजे सगळी काढायलाच हवी असं नाही

'अंग बाहेर येण्याच्या ऑपरेशनमधली जाळी योनीमार्गात उघडी पडली, तर ती पूर्ण काढणं हाच उपाय' हे एका लेखातलं वाक्य बायकांना उगाच घाबरवेल. ही जाळी म्हणजे खाली सरकलेलं गर्भाशय किंवा योनीची भिंत धरून ठेवायला बसवलेली कृत्रिम जाळी. उघडा भाग १ सेंटिमीटरहून लहान असेल, दुखणं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग नसेल, तर आधी इस्ट्रोजेन क्रीम ६ ते १२ आठवडे लावून बघतात. नाहीच भरलं तर बहुतेकदा तेवढाच तुकडा कापून वरचं अस्तर शिवतात. जाळीच्या छिद्रांतून ऊती वाढून ती घट्ट धरतात. सगळी सोडवताना मूत्राशयाला किंवा गुदाशयाला इजा होऊ शकते, अंग पुन्हा खाली येऊ शकतं, आणि एवढं करून दुखणं थांबेलच असं नाही.

मात्र लघवीतून रक्त जात असेल किंवा मूत्रसंसर्ग वारंवार होत असेल, तर जाळी मूत्राशयात शिरलेली असू शकते; क्रीमवर वेळ घालवू नका, दुर्बिणीने मूत्राशय तपासून घ्या. जुन्या ऑपरेशनचे कागद सोबत न्या, जाळी योनीमार्गातून बसवली की पोटातून, यावर पुढचं बरंच ठरतं.